अक्षरं येतील, आधी पोरांना बोलू दे

जूनपासून पाड्यावरची बालवाडी तू सांभाळणार, हे दादानं सांगितलं तेव्हा मनापासून आनंद झाला. प्रशिक्षणात मात्र तुझा गोंधळ उडाला म्हणालीस. एक बाई सांगतात आधी मुळाक्षरं, दुसऱ्या सांगतात आधी शब्द, तिसऱ्या म्हणतात अक्षरांचं नाव काढू नका, नुसत्या गोष्टी सांगा. आणि पाड्यावरच्या आया आत्तापासूनच विचारायला लागल्यात, दिवाळीपर्यंत पोर नाव लिहील ना? अशा वेळी तुझ्या आत्याचं म्हणणं काय, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मूळ गोष्ट आधी सांगून टाकते. पद्धत कुठलीही धर, पण जो शब्द मुलाच्या कानाला आणि जिभेला ओळखीचा नाही, त्या शब्दातून त्याला अक्षर शिकवायला जाऊ नकोस. तीन-चार वर्षांच्या पोरांचं काम बोलायचं, ऐकायचं, गायचं, मातीत हात घालायचं. अक्षरं मोठ्या गटाला, पाचव्या वर्षाच्या आसपास, आणि तीही थोडीच. पहिलीत जाताना एखाद्याला पंधरा अक्षरं येत असतील, एखाद्याला पाच, तरी चालेल. पण बालवाडीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं पाहिजे, आणि आपण बोललेलं कागदावर उतरतं हे त्याला कळलेलं असलं पाहिजे.

आता पद्धती. पहिली गाठ अंकलिपीशी पडेल. घरोघरी ती असते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आणि आयांचा तिच्यावर फार विश्वास असतो. आपली वर्णमाला अतिशय विचारानं रचलेली आहे. घशातून निघणारे क ख ग घ आधी, मग टाळूचे, शेवटी ओठांचे प फ ब भ म. ज्याला भाषा येते आणि तिची रचना समजून घ्यायची आहे, त्याला ही मांडणी बघून आनंदच होईल. चार वर्षांच्या मुलीला तिचा काय उपयोग? ङ आणि ञ तिनं कुठल्या शब्दात ऐकायचे? ण आणि ळ यांनी मराठीत शब्द सुरूच होत नाहीत, म्हणून अंकलिपी बाणाचा ण आणि बाळाचा ळ म्हणते. आत्तापर्यंत गवताचा ग म्हणताना पहिलं अक्षर पकडायला शिकलेलं मूल दोन्हीकडे ‘बा’ ऐकतं आणि गोंधळतं. चूक त्याची नसते. ऐरण कुणी पाहिलेली नाही, ठसा कुणाला माहीत नाही, यज्ञाचं चित्र दाखवलं की पोरं ‘शेकोटी’ म्हणतात. त्यांनी जे पाहिलंय तेच ती सांगतात.

तेव्हा चित्रांचे तक्ते विकत आणू नकोस, तूच काढ. क करवंदाचा घे, म मक्याचा घे, ब बदकाचा घे. मात्र शब्द नुसत्या, बिनमात्रेच्या अक्षरानं सुरू होतो ना, एवढं बघ. आपल्याकडे चिकूच्या वाड्या आहेत म्हणून ‘च चिकूचा’ म्हणावंसं वाटेल. पण पोरं त्यात ‘चि’ ऐकतात. खेकड्याचंही तसंच, त्यात ‘खे’ ऐकू येतो. च, ज, झ शिकवताना आणखी एक काळजी घे. चहा आणि चिमणी आपण एका तोंडानं म्हणतो, चाक आणि चमचा दुसऱ्या. जिना आणि जाळं, झिम्मा आणि झाड, यांतही तोच फरक. पहिल्या दिवशी एकाच उच्चाराचे शब्द घे. मग चार दिवसांनी दोन्ही एकत्र मांड आणि पोरांनाच विचार, जीभ कुठे लागते? आरशात बघून सांगायला त्यांना फार आवडतं.

बाराखडी सुरात म्हणायला मुलांना आवडतं, खुशाल म्हणू दे. म्हणता आली म्हणजे वाचता आली, असं मात्र धरू नकोस. फळ्यावर ‘कु’ लिही आणि एकदम त्यावर बोट ठेव. पाठ असलेलं मूल मनातल्या मनात क, का, कि, की करत तिथपर्यंत चालत येईल. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पालघर जिल्ह्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीची मुलं वाचायला कशी शिकतात याचा अभ्यास केला. सुटी मुळाक्षरं ओळखणारी बरीच मुलं मात्रा लागलेल्या शब्दांशी आणि सलग ओळींशी येऊन अडत होती. आधी सगळी अक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, मग वाक्य, अशी रांग लावली की अर्थाची पाळी येईपर्यंत मुलाचा धीर सुटतो. तुझ्या बालवाडीत ही रांग लावू नकोस, माझं एवढं ऐकच.

दुसरी पद्धत गमभनची. वळणांत साम्य असलेली अक्षरं एकत्र घ्यायची, म्हणजे एक वळण बसलं की चार अक्षरं हाताला येतात. वर्णमालेच्या क्रमापेक्षा ही नक्कीच बरी. ग, म, भ, न घेतले की मग, मन, नभ, गगन असे शब्द लगेच होतात. पण हिचा विचार हाताच्या बाजूनं झालेला आहे. डोळ्याला सारखी दिसणारी अक्षरं शेजारी ठेवल्यावर ती वेगळी ओळखणं मुलाला जड जातं. म आणि भ, घ आणि ध एकाच आठवड्यात घेतलेस तर वर्षभर त्यांचा घोळ निस्तरत बसशील. एक पक्कं होऊ दे, दुसरं महिन्याभरानं आण.

मी पहिला गट शब्दांकडे बघून करायचे. क, म, न, ल, र ही पाच अक्षरं आणि सोबत काना. बस. एवढ्यात कान, नाक, मान, मका, काका, मामा, नाना, लाल, माल, काल, कमान इतके शब्द होतात, आणि बहुतेक सगळे मुलाच्या अंगावरचे नाहीतर घरातले. ‘मामाला मका’ एवढं वाक्यसुद्धा होतं, आणि ते वाचता आल्यावर पोरं ज्या जोरात ओरडतात ते तू ऐकशीलच. काना पहिल्या महिन्यातच आण. मुळाक्षरं संपेपर्यंत मात्रा थोपवून धरायची रीत मला कधीच पटली नाही. मराठीत बिनमात्रेचे शब्द असून असून किती? घर, फणस, मगर, बदक, झालंच तर बटण. त्यावर पाच वर्षांच्या मुलाशी काय गप्पा मारणार?

कान्यानंतर दुसरी वेलांटी घे, पहिली नव्हे. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षरानंतर. डोळा एक सांगतो, कान दुसरं, आणि मूल बुचकळ्यात पडतं. दुसरी वेलांटी अक्षरामागून येते, जशी ऐकू येते तशीच लिहिली जाते. मी, ती, नदी, पाणी, गाडी, काकी, मामी, असे घरचे शब्द तिच्यात भरपूर आहेत. उकार, मात्रा, अनुस्वार पुढे. रफार आणि जोडाक्षरं बालवाडीचं काम नाही. मुलाच्या नावात जोडाक्षर असेल तर ते चित्रासारखं ओळखू दे, फोड करून सांगायला जाऊ नकोस.

आणि हे बघ, मूल ‘घ… र…’ असं दोन्ही अक्षरं लांबवून म्हणतं आणि त्याला घर ऐकूच येत नाही, असं पुष्कळदा होईल. आपण ‘घर’ म्हणताना र आखूड करतो, त्यातला अ गिळतो. मुलाला कुणी ते सांगितलेलं नसतं. दोन पत्ते घे, एकावर घ, एकावर र. लांब ठेवून म्हण, थोडे जवळ आणून थोडं भरभर म्हण, चिकटवून एकदम म्हण. तिसऱ्या वेळी मूल स्वतःच ‘घर!’ म्हणतं. असा शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातला असला तरच ही युक्ती चालते. कधी न ऐकलेला शब्द कितीही चिकटवला तरी तो त्याच्या तोंडून उमटायचा नाही.

रस्त्यापलीकडच्या इंग्रजी नर्सरीत फोनिक्स शिकवतात, मग आपणही तसंच करू या का, असं तू विचारलंस. इंग्रजीत २६ अक्षरं चाळीसहून जास्त आवाजांचं काम करतात, एकाच अक्षराचे चार उच्चार होतात. म्हणून आवाज आधी की अख्खा शब्द आधी, यावर तिकडे पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेशनं अख्ख्या शब्दाच्या पद्धतीवर टीका करणारं पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत गदारोळ झाला. २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीनं अक्षर-आवाजाची जोडी पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूनं कौल दिला, आणि इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांची तशी तपासणीच होते. त्यांच्या स्पेलिंगचा तो प्रश्न आहे आणि त्यांना तो सोडवावाच लागणार. आपल्या अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. ‘क्’ असा नुसता पाय मोडून म्हणायला लावण्याची मराठी मुलाला काही गरज नाही. आपलं मूल शब्दाचे तुकडे अक्षरागणिक पाडतं: क-र-वं-द, चार टाळ्या. तिकडून घ्यायचं असेल तर कानाकडे लक्ष द्यायची शिस्त घे, त्यांचे तक्ते घेऊ नकोस.

कानाचे खेळ आपल्याकडे मुबलक आहेत, ते कुणी अभ्यासक्रमात धरत नाही इतकंच. रोज हजेरीच्या वेळी नावावर टाळ्या वाजव. गाडी, माडी, साडी अशी यमकं जुळवू दे. अर्थ नसलेला शब्द जुळला तरी चालतो. मोठ्या गटाला शब्दांच्या भेंड्या खेळव, गाण्यांच्या नव्हेत. ‘मका’ला शेवटी ‘का’, मग ‘काकडी’, मग ‘डी’वर अडलं की पुन्हा नवीन शब्द. शब्दाचं शेवटचं अक्षर कानानं सुटं करणं ही मोठी गोष्ट आहे, आणि पोरं ती ओट्यावर बसून हसत करतात. च ची भाषा तुम्ही भावंडं आमच्यासमोर बोलायचात, आठवतं? मका म्हणजे चकाम, घर म्हणजे चरघ. सहा वर्षांकडे झुकलेली मुलं मोठ्यांचं ऐकून ती बोलायला धडपडतात. ज्या मुलाला ती जमायला लागली, त्याचा कान अक्षरांसाठी तयार झाला असं खुशाल समज.

अख्ख्या शब्दाची पद्धत आपल्याकडेही आली. दारावर ‘दार’, फळ्यावर ‘फळा’ अशा चिठ्ठ्या डकवायच्या. त्या चिठ्ठ्या दोन दिवसांत भिंतीचा भाग होतात, कुणी बघतही नाही. डकवायच्याच असतील तर पोरांना त्यांची गरज पडू दे. चपला ठेवायच्या जागी प्रत्येकाचं नाव, पाण्याच्या पेल्यांच्या मांडणीवर नाव, हजेरीला आपल्या नावाचा पत्ता उचलून दोरीला चिमट्यानं लावायचा. नाव हा मुलाचा पहिला वाचलेला शब्द असतो. ‘तिच्या नावात माझा म आहे’ हे एखादी पोरगी ओरडून सांगते, तेव्हा तो म तिला कायमचा येतो.

याच वाटेवरची एक बाई मला फार जवळची वाटते, न्यूझीलंडची सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर. माओरी मुलांच्या बालवर्गात ती शिकवायची. सरकारी वाचनपुस्तकातली गोरी, नीटनेटकी घरं त्या मुलांच्या ओळखीची नव्हती. ती एकेकाला जवळ घेऊन विचारायची, तुला आज कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द पुठ्ठ्यावर लिहून त्याच्याच हातात द्यायची. भीतीचे, मायेचे, घरातल्या भांडणांचे शब्द निघायचे, आणि एकदा पाहिल्यावर मुलं ते विसरत नसत. तिचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ मध्ये आलं. मी हे आपल्या पाड्यावर करून पाहिलं. एक पोरगा महिनोन् महिने तोंड उघडत नव्हता. त्यानं शब्द मागितला ‘बिबट्या’. आदल्या आठवड्यात त्यांची शेळी गेली होती. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला, त्यानं बोटानं तो पुन्हा पुन्हा चाचपला आणि मग सगळी हकिगत सांगितली: रात्र, कुत्र्याचं भुंकणं, बापाची बॅटरी. पुढे बदकाच्या चित्राखाली तोच ब त्याला आपणहून सापडला. अंकलिपीच्या हिशेबानं ट्या फार पुढचा, पण त्या पोराला तो शब्द कधी जड गेला नाही.

असे पुठ्ठे लग्नपत्रिकांचे कर, जाड असतात आणि फुकट मिळतात. एका मुलाला आठवड्याला एक शब्द पुरे. शब्द त्याचाच हवा. तुला आवडला नाही तरी लिहून दे. कुणी ‘दारू’ मागेल, कुणी ‘पोलीस’. चेहरा बदलू देऊ नकोस.

माँटेसोरीबद्दल जरा निवांत लिहिते, कारण आपल्या भागाचं त्यात मोठं देणं आहे. मारिया माँटेसोरी डॉक्टर होत्या. जानेवारी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. अक्षर आधी हातात जाऊ द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं दोन बोटांनी गिरवायची आणि त्याच वेळी आवाज म्हणायचा. मग सुटी अक्षरं जुळवून मुलं शब्द मांडतात. लेखणी धरता येण्याआधी लिहितात आणि वाचन मागाहून येतं. भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून या कामात आले, १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

त्यांनी काय केलं ते लक्षात घे, कारण तुला तेच करायचं आहे. परदेशी साधनं महाग, लाकडी, कपाटात ठेवण्याजोगी. या दोघींनी शिंपले, चिंचोके, गुंजा, पानं, काड्या, माती यांतून साधनं घडवली. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळा मुलाच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या केंद्रांचं नावही तेच आहे. गुरं वळणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पद्धत रोमची होती, पण मूल वारल्याचं होतं, आणि जिथे दोन्हींचं जुळेना तिथे त्यांनी पद्धत वाकवली.

खरखरीत अक्षरं घरी करता येतात. पुठ्ठ्यावर डिंकानं अक्षर काढ आणि ओलं असतानाच त्यावर बारीक वाळू नाहीतर रवा टाक. एक वीत उंचीचं अक्षर हवं, त्याहून लहान नको. बोट कुठून सुरू करायचं तिथे लाल टिकली लाव. मुलाचा हात धरून फिरवू नकोस. तू एकदा हळू गिरवून दाखव, मग त्याला करू दे. सुटी अक्षरं कापताना काना, वेलांट्या, मात्रा वेगळ्या रंगाच्या कार्डाच्या काप आणि अक्षराला जोडता येतील अशा ठेव. ‘क’ शेजारी निळा काना सरकवला की का, काढला की पुन्हा क. मात्रा ही अक्षरावर बसणारी सुटी वस्तू आहे, हे बाराखडी शंभरदा म्हणून कळत नाही ते इथे एका दुपारी कळतं. आणि ही साधनं मुलांच्या हाताला लागतील अशा फळीवर असू देत. खराब होतील, हरवतील, पुन्हा करू. कुलपातल्या साधनांवर धूळ बसलेली मी फार बालवाड्यांत पाहिली आणि दर वेळी जीव तुटला.

आता ज्याला मी सगळ्यात वरचं स्थान देते, ते बोलणं आणि गोष्ट. आपल्या पाड्यावरची पोरं घरी वारली बोलतात, काही कोकणा, काही कातकरी. शाळेची मराठी त्यांना अर्धीच कळते. पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरच्या भाषेत चार वाक्यं तू बोललीच पाहिजेस. येत नसेल तर मदतनीस ताईंकडून शिक, त्यांना मान देऊन शिक. मूल घरचा शब्द म्हणालं तर ‘असं नाही म्हणायचं’ हे तोंडातून येऊ देऊ नकोस. त्याचा शब्द आधी आपण उच्चारायचा, मग शेजारी मराठीचा ठेवायचा. २०२० च्या शिक्षण धोरणानंही घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरलाय, म्हणजे कुणी पर्यवेक्षिका हरकत घेईल ही भीती नको.

गोष्ट सांगणं वेगळं आणि पुस्तकातून वाचून दाखवणं वेगळं. दोन्ही रोज हवीत. वाचताना पोरांना अर्धगोलात बसव, पुस्तक त्यांच्या डोळ्यांसमोर धर, ओळीखालून बोट फिरव. तेच पुस्तक आठवडाभर वाच. चौथ्या दिवशी पान उलटण्याआधीच पोरं पुढचं वाक्य म्हणतील, म्हणू देत. ‘हा रंग कोणता?’ असले परीक्षेचे प्रश्न टाळ. ‘ती का रुसली असेल?’ असं विचार आणि उत्तराची वाट बघ. दहा मोजेपर्यंत गप्प राहायला शिक, तेवढ्यात लाजरं मूल बोलतं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलंय, ते घे. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं मिळतात. वीस पुस्तकांची पेटी असली तरी वर्ष निभावतं.

आणि मुलांचं बोलणं लिहून घे. समज, एक पोरगी चित्र काढून आली: दोन त्रिकोण जोडलेला वारली माणूस, शेजारी एक ठिपका. ‘काय गं हे?’ म्हणून विचार. ती म्हणते, ‘आजा ताडावर चडला, मी खाली.’ चित्राखाली अगदी हेच लिही, ‘चडला’ असं म्हणाली तर ‘चडला’च लिही, बोट फिरवून तिला वाचून दाखव आणि तिला वाचू दे. ती ठेक्यात, बोट कुठेही फिरवत ‘वाचेल’. ते खोटं वाचन म्हणून हसू नकोस, वाचनाची सुरुवात तिथेच होते. दहा मुलांची अशी दहा पानं दोऱ्यानं शिवलीस की वर्गाचं पहिलं पुस्तक तयार, आणि त्यातला एकही शब्द परका नसेल.

तुझ्या प्रशिक्षणातल्या तिन्ही बाई आपापल्या परीनं थोड्या थोड्या बरोबर आहेत. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तीन ते आठ वर्षांचा एकच टप्पा धरलाय, आणि भाषेचे चार भाग सांगितलेत: तोंडी भाषा, शब्द ओळखणं, वाचन, लेखन. चारही सोबत चालवायचे. वजन मात्र वयाप्रमाणे बदल. लहान गटात जवळजवळ सगळं बोलणं आणि ऐकणं, मोठ्या गटात दिवसाला पंधरा-वीस मिनिटं अक्षरं, त्यातही निम्मा खेळ. वारली, कातकरी पोरांना नुसत्या गोष्टींवर सोडायचं आणि अक्षरं आपोआप येतील म्हणायचं, हेही मला मान्य नाही. शहरातल्या सुशिक्षित घरी रात्री आजी वाचून दाखवते, रस्त्यावर पाट्या दिसतात, तिथे अक्षरं कानाडोळ्यांवरून जात असतात. पाड्यावर छापील अक्षर दिसतं ते बिस्किटाच्या पुड्यावर. या पोरांना अक्षरं नीट, ठरवून शिकवायला हवीत. पुडेसुद्धा आण, तेही वाचायचेच.

लिहिण्याची घाई कुणी कितीही केली तरी चौरेघी वही बालवाडीत आणू नकोस. मनगटाची हाडं अजून भरत असतात. तासभर गिरवलं की बोटं दुखतात आणि पुस्तकाचा राग येतो. त्याऐवजी माती मळू दे, मणी ओवू दे, चिंचोके निवडू दे, खडूनं अंगणभर रेघा ओढू दे. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं वारली चित्रं काढायला लाव. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, आडव्या-उभ्या रेघा, अक्षरांना लागणारं सगळं त्यात आहे आणि पोरांच्या घरात ते पिढीजात आहे. डावखुऱ्याचा हात बदलू नकोस. अक्षर उलटं, आरशातल्यासारखं काढलं तर या वयात घाबरायचं कारण नाही.

आयांशी वाद घालू नकोस. त्या गिरवलेली पानं मागतात, कारण आपलं पोर मागे पडू नये ही त्यांची तळमळ असते, आणि ती खरी आहे. प्रत्येक मुलाची एक फाईल कर, चित्रं आणि त्याखालचं बोलणं तारखेनिशी लाव. महिन्याच्या सभेत ते पान त्या आईसमोर मोठ्यानं वाच. ‘माझी पोर एवढं बोलते?’ म्हणून ती बघत राहील. ज्या आईला वाचता येत नाही तिला गोष्ट सांगायला बोलाव. तिची गोष्ट लिहून घे, पोरांकडून चित्रं काढून घे, ते पुस्तक पेटीत ठेव. त्यावर तिचं नाव घालायला विसरू नकोस.

वर्षाच्या शेवटी एक काम न चुकता कर. मोठ्या गटातल्या प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी लिहून पहिलीच्या बाईंना स्वतः नेऊन दे. घरी कुठली भाषा बोलतं, कुठली अक्षरं ओळखतं, कुठले शब्द त्याचे स्वतःचे आहेत, कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा मागतं, चारचौघांत बोलतं की कानात सांगतं. नाहीतर जूनमध्ये पुन्हा सगळ्यांना अ पासून बसवतील. चिठ्ठीसोबत त्या मुलाचे शब्दांचे पुठ्ठेही बांधून दे, आणि बाईंना सांग की पहिल्या दिवशी हे त्याच्या बाकावर ठेवा.